‘नैसर्गिक’ म्हणजे नेमके काय?

वस्तूची पारख सांगणारे कितीतरी शब्द मराठीत आहेत. अस्सल, निर्भेळ, गावरान, घरगुती, हातसडीचा, घाण्यावरचे. यांतील बहुतेक शब्द वस्तू कोठून आली आणि कशी तयार झाली याची ग्वाही देतात. तांदूळ हातसडीचा आहे हे घरातल्या माणसाला ठाऊक असे, कारण उखळ घरातच होते. तुपाबद्दल शंका नसे, कारण लोणी कढताना त्याचा वास घरभर दरवळलेला असे. आज सत्तरी ओलांडलेल्या पिढीने पारखीची ही रीत स्वतः अनुभवली आहे.

आता वस्तू बंद वेष्टनात येते. तिच्यावर हिरवे पान, कौलारू घर किंवा मातीचे भांडे छापलेले असते आणि शेजारी ‘१०० टक्के नैसर्गिक’ अशी अक्षरे असतात. उखळ आणि कढई नजरेआड झाल्यामुळे आपण त्या पानावर विसंबतो. जुनी पारख नव्या वस्तूला लावताना ती कोठे उपयोगी पडते आणि कोठे फसते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. ज्येष्ठांच्या घरात तो व्हायला हवा. निवृत्तिवेतनातील बरीच रक्कम अशा वस्तूंवर खर्च होते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, ‘नैसर्गिक’ चूर्ण हाती आले म्हणून कधी रक्तदाबाची, तर कधी मधुमेहाची गोळी परस्पर बंद केली जाते.

मन कशाला नैसर्गिक म्हणते?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी या प्रश्नाचा अनेक वर्षे अभ्यास केला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा की, एखादी वस्तू नैसर्गिक आहे की नाही हे ठरवताना माणसे तिच्यातील घटकांपेक्षा तिच्यावर झालेल्या प्रक्रियेला अधिक महत्त्व देतात. त्यांनी झऱ्याच्या पाण्याचे उदाहरण घेतले. अशा पाण्यात अत्यल्प खनिजे मिसळली, तर लोकांच्या लेखी त्याचे नैसर्गिकपण एकदम घटते. तीच खनिजे पुन्हा काढून टाकली आणि पाणी जसेच्या तसे झाले, तरी गेलेले नैसर्गिकपण परत येत नाही. पाणी मूळ रूपात आले तरी त्याच्या कहाणीला डाग लागलेला असतो. आपल्याकडच्या विटाळाच्या कल्पनेशी हे फारच मिळतेजुळते आहे.

त्याआधी, २००४ साली, रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट आढळली होती. नैसर्गिक आणि कृत्रिम पदार्थ रासायनिकदृष्ट्या अगदी एकसारखे आहेत, असे स्पष्ट सांगितल्यावरही अनेक जण नैसर्गिक पदार्थच पसंत करतात. या आवडीमागे आरोग्याचा हिशोब असतोच, पण निसर्गाकडून आलेले ते चांगले आणि शुद्ध, ही नैतिक भावनाही असते. ही भावना चुकीची म्हणण्याचे कारण नाही. फक्त ती शरीरावर होणाऱ्या परिणामाचे मोजमाप ठरत नाही.

तिसरे निरीक्षण आपल्या स्वयंपाकघराच्या अधिक जवळचे आहे. पदार्थात काही घातले तर माणसाला जितके खटकते, तितके त्यातून काही काढले तर खटकत नाही. आपली भाषाच पाहा. ‘भेसळ’ हा शब्द ऐकताच कपाळावर आठी उमटते. मात्र गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून मैदा केला, किंवा तांदळावरचे आवरण घासून तो मोत्यासारखा शुभ्र केला, तर त्या हानीसाठी तितका धारदार शब्द आपल्यापाशी नाही. वास्तविक त्या आवरणाबरोबर तंतुमय अंश आणि ‘ब’ गटातील थायमिनसारखी जीवनसत्त्वे मोठ्या प्रमाणात निघून जातात. बद्धकोष्ठाने त्रस्त झालेल्या ज्येष्ठाच्या दृष्टीने ‘यात काहीही मिसळलेले नाही’ या आश्वासनापेक्षा ‘यातून काय काढले आहे’ हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

घातलेले ते सारे वाईट नसते

मिठाचे उदाहरण घेऊ. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात गलगंडाचा विकार मोठ्या प्रमाणावर होता. तेथील माती आणि पाण्यात आयोडीनचे प्रमाण कमी होते, म्हणजे ही उणीव निसर्गाचीच होती. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू केला. काही वर्षांतच गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मिठात कारखान्यात मिसळलेल्या त्या सूक्ष्म अंशाने भारतातील असंख्य माणसांचे आरोग्य राखले आहे.

अलीकडे अनेक घरांत आयोडीनयुक्त मिठाची जागा सैंधवाने घेतली आहे. ते खाणीतून येते, गुलाबी दिसते आणि उपवासाला चालते, त्यामुळे ते रक्तदाबाला सौम्य असेल अशी समजूत होते. सैंधवातही बहुतांश सोडियम क्लोराइडच असते. रक्तवाहिन्यांना त्याचा गुलाबी रंग कळत नाही, त्यांना केवळ सोडियम कळते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभरापेक्षा कमी मीठ सुचवले आहे. ही मर्यादा पांढऱ्या आणि गुलाबी अशा दोन्ही मिठांना लागू आहे. ‘कमी सोडियम’ असे लिहिलेल्या मिठात सोडियमचा काही भाग वगळून पोटॅशियम घातलेले असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये. त्यांच्या रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.

नावाची मोहिनी

नावावरून नैसर्गिकपण ठरवण्याचे भारतातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे वनस्पती तूप. १९३७ साली बाजारात आलेला ‘डालडा’चा पिवळा डबा, त्यावरचे ताडाच्या झाडाचे चित्र आणि रिकाम्या डब्यात लावलेली तुळस अनेक वाचकांना आठवत असेल. तेलात हायड्रोजन मिसळून केलेला हा पदार्थ सर्वस्वी कारखान्याचा होता, परंतु त्याला ‘वनस्पती’ हे नाव मिळाले आणि तुपासारखे रवाळ रूपही. महात्मा गांधींनी त्याला विरोध केला. तुपात त्याची भेसळ होऊ नये म्हणून त्याला वेगळा रंग द्यावा, अशी मागणीही पुढे आली. अखेर वनस्पतीमध्ये किमान ५ टक्के तिळाचे तेल मिसळणे सक्तीचे झाले. तिळाच्या तेलाचा अंश असला की एका ठरावीक रासायनिक चाचणीत लालसर रंग उमटतो. डोळ्याला आणि जिभेला न कळणारा फरक प्रयोगशाळेला कळावा, यासाठी केलेली ही युक्ती होती.

या वादात तेव्हा कोणाच्या फारशी ध्यानात न आलेली गोष्ट पुढे उघड झाली. अर्धवट हायड्रोजनीकरणात ‘ट्रान्स’ प्रकारची स्निग्धाम्ले तयार होतात. ती रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवतात आणि हितकारक कोलेस्टेरॉल कमी करतात. भारतात तेल आणि वनस्पती यांमधील ट्रान्स स्निग्धाम्लांची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणण्यात आली आणि जानेवारी २०२२पासून ती २ टक्के करण्यात आली. ‘हे तूप आहे का?’ असा प्रश्न समाज विचारत होता. हृदयाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न ‘यात कोणत्या प्रकारचा स्निग्धांश आहे?’ हा होता.

रंगाची साक्ष

नावाइतकाच रंगही आपल्याला पटकन पटतो. हळद पिवळीधमक असली की ती उत्तम वाटते. सांगलीसारख्या बाजारपेठेत येणारे हळकुंड कंद शिजवून, वाळवून आणि घासून तयार झालेले असते, आणि त्याचा स्वाभाविक रंग कमीअधिक असू शकतो. केवळ चमकदार रंगाची मागणी किती महागात पडते, हे बांगलादेशाने अनुभवले. तेथे हळदीला झळाळी देण्यासाठी शिसे असलेले लेड क्रोमेट वापरले जात असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले. २०१९ साली तेथील बाजारातून तपासलेल्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांमध्ये शिसे आढळले. जनजागृती आणि कडक कारवाई झाल्यावर २०२१पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते, तसेच मोठ्यांच्या मूत्रपिंडाला आणि रक्तदाबालाही.

गुळाची कथा याहून मनोरंजक आहे. एके काळी पिवळाधमक गूळ उत्तम समजला जाई. गुऱ्हाळात काहिलीतील रसाची मळी काढण्यासाठी रानभेंडीचा चिकट रस वापरण्याची जुनी पद्धत आहे. पुढे रंग उजळण्यासाठी गंधकयुक्त ‘हायड्रॉस’ पूडही वापरात आली. हे ग्राहकांना समजल्यावर आवड उलटली आणि काळसर गूळ ‘नैसर्गिक’ ठरला. पण गडद रंगही काही प्रमाणपत्र नव्हे. रस अधिक तापल्यानेही गूळ काळवंडतो. मागणी बदलली की तिच्यामागोमाग रंगही बदलता येतो.

मधाबाबतही असेच घडते. थंडीत मध थिजला, खाली रवा धरला की ‘साखर घातली आहे’ असे म्हणून तो बाजूला ठेवला जातो. वस्तुतः मधातील ग्लुकोजचे स्फटिक होणे ही स्वाभाविक क्रिया आहे. उलट, डिसेंबर २०२०मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट’ या संस्थेने १३ ब्रँडच्या मधाची तपासणी केली, तेव्हा सर्व चाचण्यांना केवळ ३ ब्रँड उतरले, असे संस्थेने जाहीर केले. संबंधित कंपन्यांनी हा निष्कर्ष नाकारला. तरी एवढे खरे की, आजची साखरपाकाची भेसळ पकडायला प्रगत उपकरणे लागतात. पाण्यात थेंब सोडून किंवा मधात बुडवलेली वात पेटवून ती कळत नाही.

कायदा काय सांगतो?

डोळा, जीभ आणि नाव यांच्या मर्यादा अशा असल्यामुळे कायद्याचा आधार घ्यावा लागतो. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या, म्हणजेच एफएसएसएआयच्या, २०१८च्या नियमांनी ‘नैसर्गिक’ या शब्दाला मर्यादा घातली आहे. वनस्पती, प्राणी, खनिज किंवा सूक्ष्मजीव अशा मान्य स्रोतातून आलेल्या एकाच अन्नपदार्थाला, ज्यात बाहेरून काहीही घातलेले नाही आणि ज्यावर तो खाण्यायोग्य करण्यापुरतीच प्रक्रिया झाली आहे, त्यालाच हा शब्द लावता येतो. अनेक घटक एकत्र करून बनवलेल्या पदार्थाला ‘नैसर्गिक’ म्हणता येत नाही. त्याचे सारे घटक निकषांत बसत असतील, तर ‘नैसर्गिक घटकांपासून बनवलेले’ एवढेच म्हणता येते.

याच नियमांत आणखी एक तरतूद आहे. ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘ताजे’, ‘अस्सल’ यांसारखा शब्द ब्रँडच्या नावातच असेल आणि त्यामुळे ग्राहकाची दिशाभूल होण्याचा संभव असेल, तर हे केवळ ब्रँडचे नाव आहे, वस्तूचे खरे स्वरूप नव्हे, असा खुलासा किमान ३ मिलिमीटर आकाराच्या अक्षरांत छापावा लागतो. चाळिशीच्या चष्म्यालाही न दिसणारा हा खुलासा भिंगाने जरूर शोधावा. जून २०२४मध्ये प्राधिकरणाने, पाणी मिसळून पुन्हा तयार केलेल्या फळांच्या रसावरून ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकण्याचे आदेश दिले. ‘सेंद्रिय’ हा मात्र निराळा शब्द आहे. तो शेतीच्या पद्धतीशी निगडित असून त्यासाठी प्रमाणीकरण लागते आणि वेष्टनावर ‘जैविक भारत’चे चिन्ह पाहता येते. सेंद्रिय साखरही अखेर साखरच असते, हे मात्र विसरू नये.

शरीर काय विचारते?

वस्तूचा उगम शरीराला विचारता येत नाही. त्याला तिचे घटक आणि मात्रा तेवढे कळतात. इन्सुलिनचा इतिहास याची साक्ष देतो. १९२२ साली मधुमेही रुग्णाला प्रथम इन्सुलिन दिले गेले, त्यानंतर अनेक दशके ते गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढले जाई. ते सर्वस्वी नैसर्गिक होते, पण मानवी इन्सुलिनहून किंचित वेगळे. १९८२ साली जीवाणूंकरवी तयार केलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. कारखान्यातील टाकीत तयार झालेले हे इन्सुलिन माणसाच्या स्वतःच्या इन्सुलिनशी तंतोतंत जुळते. यांतील अधिक नैसर्गिक कोणते, यावर वाद घालता येईल. रुग्णाला कोणते अधिक मानवते, हे मात्र तपासून सांगता येते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. खोकल्यासाठी चघळले जाणारे ज्येष्ठमध निसर्गाचेच आहे. ते अधिक प्रमाणात आणि दीर्घकाळ घेतले तर शरीरात सोडियम साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांना यापासून विशेष धोका असतो. इसबगोल उपयुक्त आहे, पण ते पुरेशा पाण्याबरोबर घ्यावे लागते आणि इतर औषधांच्या वेळेपासून ते दूर ठेवावे लागते. ज्यांना गिळायला त्रास होतो, त्यांना ते देण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. गूळ मधुमेह्याला चालतो, हा समजही असाच घातक आहे. गुळात खनिजे थोडी अधिक असली, तरी त्याचा बहुतांश भाग साखरेचाच असतो. तेल लाकडी घाण्याचे असो वा कारखान्याचे, त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे ९ कॅलरी मिळतात.

येथे आयुर्वेदाला दोष देण्याचे काहीही कारण नाही. बचनाग, बिब्बा यांसारखी तीव्र द्रव्ये शोधनाशिवाय वापरू नयेत, असे आयुर्वेदच सांगतो. मात्रा, काळ, अनुपान आणि रुग्णाची प्रकृती पाहिल्याशिवाय तो औषध देत नाही. ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ हे विधान परंपरेचे नाही, ते जाहिरातीचे आहे.

घरात काय करावे?

घरातील ज्येष्ठ एखाद्या ‘नैसर्गिक’ वस्तूचा आग्रह धरतात, तेव्हा त्यामागे बहुधा जुन्या दिवसांची आठवण असते, आणि स्वतःच्या प्रकृतीचे काही निर्णय आपल्या हाती राहावेत अशी इच्छाही. त्यांची टर उडवल्याने वस्तू सुटत नाही, फक्त ती लपवली जाते. लपवून घेतलेले चूर्ण सर्वांत धोकादायक, कारण ते डॉक्टरांच्या कानावर जात नाही. म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांनी आई, वडील, सासू, सासरे यांच्याजवळ बसून तीच वस्तू हातात घ्यावी आणि वेष्टनाची मागची बाजू मोठ्याने वाचून दाखवावी.

घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते. पहिल्या तीन नावांत साखर, गूळ, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा पाम तेल आहे का, ते पाहावे. दर १०० ग्रॅममागे सोडियम किती आणि बाहेरून घातलेली साखर किती, हे वाचावे. आकड्यांनी लिहिलेले घटक पाहून दचकू नये. ‘आयएनएस १००’ म्हणजे हळदीतील कुरक्युमिन आणि ‘आयएनएस ३००’ म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व. एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांकही पाहावा. औषधी चूर्ण असेल, तर त्यावर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, घटक आणि मुदत हवी. पुडीत बांधून दिलेले, नाव नसलेले ‘सांधेदुखीवरचे रामबाण’ घेऊच नये. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडते. त्याने आराम चटकन वाटतो, पण हाडे, साखर आणि रक्तदाब यांची हानी होत राहते. अशी पूड बरेच दिवस घेतली असेल तर ती अचानक थांबवू नये. पुडीसह डॉक्टरांकडे जावे.

घरात जे जे घेतले जाते, ते सारे एका कागदावर लिहून ठेवावे. गोळ्यांबरोबर काढा, चूर्ण, आसव, पूरक आहार, सैंधव, सगळेच. प्रत्येक भेटीत हा कागद डॉक्टर आणि वैद्य दोघांनाही दाखवावा. चालू असलेली गोळी त्यांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नये. खोट्या दाव्याची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते.

राहता राहिला आवडीचा प्रश्न. घाण्याच्या तेलाचा वास, हातसडीच्या तांदळाची चव, गुळाच्या पोळीचा खमंगपणा ही सुखे आयुष्यभर जपावीत अशीच आहेत. ती रुचीसाठी आणि बेताने घ्यावीत. औषधाची जागा मात्र त्यांना देऊ नये.